निर्णायक लढाई, पण कुणासाठी? बेलवलीहून बघितलेलं दुसरं महायुद्ध

पीएच.डी.च्या पहिल्या सादरीकरणासाठी मी एक स्लाईड फार प्रेमाने केली होती. शीर्षक होतं 'दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया'. खाली मिडवे, एल अलामीन, स्टालिनग्राड, नॉर्मंडी, आणि 'आपली' म्हणून शेवटी इंफाळ-कोहिमा. समोर तारखा, बाजूला सैन्याचे आकडे. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि एवढंच विचारलं, "निर्णायक कुणासाठी?" मी म्हटलं, "युद्धासाठी." त्या म्हणाल्या, "युद्ध कुठे राहतं हो? पत्ता सांगा." सगळे हसले. पुढची पाच मिनिटं मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी बदलापूर लोकलच्या दारापाशी उभा होतो. कल्याण सुटलं, विठ्ठलवाडी गेलं. शेजारचा एकजण फोनवर पत्ता सांगत होता, "कॅम्प नंबर चार. हां, चार." बेलवलीत वाढलेल्या माणसाला हे शब्द काही नवीन नाहीत. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की हा 'कॅम्प' म्हणजे त्याच युद्धाचा कॅम्प. आणि माझ्या स्लाईडवर त्याचं नावही नव्हतं.

पेट किंवा नेट-सेट करून इतिहासातल्या संशोधनाकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या सिनॉप्सिसमध्ये 'टर्निंग पॉइंट' किंवा 'निर्णायक वळण' हे शब्द असतात. माझ्यात तर चार वेळा होते. शब्द वापरायला हरकत नाही. पण वापरला की तो एक दावा होतो, आणि दावा म्हटलं की पुरावा आला. आजच्या पोस्टमध्ये एवढंच बघू, की हा दावा नेमका कशाचा असतो आणि तो तपासायचा कसा.

नेहमीच्या यादीत काय अडचण आहे

सगळ्यात ओळखीचं उदाहरण घ्या. जर्मनी रशियात नेमकी कुठे हरली? पुस्तकं चाळली तर तीन उत्तरं मिळतात. काही जण म्हणतात डिसेंबर १९४१, मॉस्कोच्या दारात. बहुतेक जण स्टालिनग्राड म्हणतात, जिथे २ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनांच्या सहाव्या सैन्याचा उरलेला भागही शरण आला. आणि काही जण जुलै १९४३ मधल्या कुर्स्कवर बोट ठेवतात. परीक्षेत आपण यातलं एक पाठ करतो आणि बाकीची दोन चुकीची समजतो. खरं तर ही तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. युद्ध झटपट जिंकणं जर्मनीला कधी अशक्य झालं? मॉस्को. लांबलेलं युद्धही जिंकता येणार नाही हे कधी दिसलं? स्टालिनग्राड. मोठी चढाई कुठे आणि कधी करायची हे ठरवणं जर्मनांच्या हातून कधी गेलं? कुर्स्क. प्रश्न बदलला की वळण सरकतं.

मिडवेचं तसंच. ४ ते ७ जून १९४२ च्या त्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, हे खरं. पण अमेरिकेच्या गोद्यांमध्ये तेव्हा अशा नौका इतक्या संख्येने बांधल्या जात होत्या की जपानला तो वेग कधीच गाठता आला नसता. म्हणजे मिडवेत उलटं झालं असतं तर युद्ध लांबलं असतं, पण शेवटी वेगळंच कुणी जिंकलं असतं का? यावर वाद घालता येतो, आणि तो वाद हाच संशोधनाचा विषय असतो.

तर एखाद्या घटनेला वळण म्हणायचं असेल तर पहिल्यांदा दाखवावं लागतं की तिथे खरोखर दुसरं काही होऊ शकलं असतं. जे होणारच होतं त्याला वळण कसं म्हणणार? मग हे दाखवायचं की बदललेली दिशा पुढे टिकली, दोन महिन्यांत पुन्हा जैसे थे झालं नाही. आणि तिसरं म्हणजे त्या मॅडमचा प्रश्न: वाट कुणाची वळली? सेनापतीची, देशाची, पलटणीची, की भाताच्या कोठाराची? पहिल्या दोन गोष्टी पुस्तकांत सापडतात. तिसरी तुम्हालाच ठरवावी लागते आणि सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहावी लागते.

१९४२ चा उन्हाळा

आता हाच प्रश्न आपल्या भागातून विचारून बघू. उल्हास नदीच्या काठच्या गावांसाठी दुसरं महायुद्ध कुठे वळलं?

माझं उत्तर: १९४२ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. आणि त्यातली एकही लढाई इथे आसपास झालेली नाही.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ८ मार्चला जपान्यांनी रंगून घेतलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी आरमार हिंदी महासागरात आलं. ५ तारखेला कोलंबोवर हल्ला, ६ ला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब, ९ ला त्रिंकोमाली. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वीसहून जास्त व्यापारी जहाजं बुडवली गेली. लष्करी इतिहासात या सगळ्याला 'छापा' म्हणतात, कारण जपानी आरमार परत गेलं आणि पुन्हा तेवढ्या ताकदीने इकडे आलं नाही. म्हणजे वरच्या दुसऱ्या कसोटीवर ही मोहीम नापास. पण व्यापारी जहाजांच्या बाजूने बघा. पूर्व किनाऱ्यावरची वाहतूक गोठली, कलकत्ता बंदराकडे जाणं धोक्याचं झालं आणि भार पश्चिम किनाऱ्यावर आला. मुंबई आणि कराचीवर.

मुंबईच्या गोदीत उतरलेलं सैन्य आणि सामान पुढे जाणार कसं? रेल्वेने. तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे दोन मुख्य मार्ग कल्याणला फुटतात. एक कसारा, थळ घाट करत नाशिक-देवळालीकडे आणि पुढे उत्तरेला, पूर्वेला. दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करत बोर घाटातून पुण्याला आणि दक्षिणेला. हजारो माणसांना काही दिवस थांबवून मग कुठल्याही दिशेला पाठवायचं असेल तर कल्याणजवळचं माळरान यापेक्षा सोयीची जागा नकाशावर शोधून दाखवा. तिथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. दोन हजारांहून जास्त बराकी. युद्ध संपलं, कॅम्प ओस पडला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. नंबर मात्र लष्कराच्या सवयीचे राहिले. एक ते पाच.

इथे थोडं थांबा, कारण मी आत्ता जे केलं त्यात एक फट आहे. सिंगापूर पडलं, भार मुंबईवर आला, म्हणून कल्याणला कॅम्प झाला, ही साखळी ऐकायला छान वाटते. पण 'म्हणून' हा शब्द फुकट मिळत नाही. देवळालीला लष्कराची छावणी फार आधीपासून होती आणि पश्चिम आशियाकडे जाणारं सैन्य १९३९ पासूनच मुंबईतून जहाजावर चढत होतं. म्हणजे सिंगापूर पडलं नसतं तरी कल्याणला कॅम्प झाला असता असा युक्तिवाद कुणीही करू शकतो. तो खोडायचा तर जमीन ताब्यात घेतल्याच्या, बांधकामाच्या मंजुरीच्या आणि विस्ताराच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. एप्रिल १९४२ नंतर उडी दिसली तर साखळी टिकते. नाही दिसली तर कॅम्प १९४२ चं अपत्य नाही, फक्त १९४२ मध्ये फुगलेला आहे. दोन्ही निष्कर्ष प्रबंधात चालतात. तारखा न बघता लिहिलेला 'म्हणून' चालत नाही.

भाताचा धागा मात्र मला जास्त पक्का वाटतो. आमची आजी 'रेशनचं दुकान' कधी म्हणाली नाही. 'कंट्रोल' म्हणायची. "कंट्रोलवर साखर आली का बघ." हा शब्द युद्धकाळातल्या भाव-नियंत्रणातून आलेला आहे आणि महाराष्ट्रभर जुन्या माणसांच्या तोंडी अजून सापडतो. युद्धाआधी हिंदुस्थानात ब्रह्मदेशातून दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त तांदूळ यायचा. मुंबई आणि कोकणपट्टी त्यावर बरीच अवलंबून होती. रंगून पडलं आणि तो तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. गावात भात पिकवणाऱ्याकडे सरकारी लेव्ही आली, म्हणजे पिकातला ठरलेला वाटा ठरलेल्या भावाने सरकारला घालायचा. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसं भुकेने मेली, आणि त्याच्या अनेक कारणांत ब्रह्मदेशाचा तांदूळ तुटणं हेही एक होतं.

आता तीन कसोट्या लावा. रंगून वाचू शकलं असतं का? अवघड होतं, पण ठरलेलं नव्हतं. दिशा टिकली का? कंट्रोल युद्ध संपल्यावरही उठला नाही, रेशनकार्ड आजही आपल्या कपाटात आहे. वाट कुणाची वळली? ताटाची. स्टालिनग्राडने बेलवलीच्या ताटात थेट काही बदललं असं मला दाखवता येणार नाही. रंगूनने बदललं.

मराठा पलटणींच्या नकाशावर

ताटाऐवजी पलटण धरली तर चित्र पुन्हा बदलतं. युद्धात हिंदी सैन्य साधारण दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं आणि त्यात कोकण-देशावरची पोरं मोठ्या संख्येने होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी एकाच वेळी तीन-तीन आघाड्यांवर होत्या, त्यामुळे 'मराठा सैनिकांसाठी युद्ध कुठे वळलं' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच.

केरेन घ्या. इरिट्रियातलं हे डोंगरांतलं ठाणं इटालियनांनी धरून ठेवलं होतं. फेब्रुवारी १९४१ मधले हल्ले फसले. १५-१६ मार्चच्या रात्री मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीने 'पिनॅकल' नावाचा सुळका घेतला, त्यामुळे सकाळी शेजारचा डोलोगोरोडॉक किल्ला इंग्रज पलटणीला घेता आला, आणि २७ मार्चला केरेन पडलं. या लढाईत ब्रिटिश-हिंदी बाजूचे पाचशेहून जास्त मेले आणि तीन हजारांहून जास्त जखमी झाले. पुढे काय झालं ते यादीवाली पुस्तकं सांगत नाहीत. इरिट्रियाचा किनारा मोकळा झाला आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, तिची जहाजं युद्धक्षेत्रात जाऊ शकत नव्हती. आता ती थेट सुएझपर्यंत सामान नेऊ लागली. एल अलामीनला जे सामान लागलं त्याची वाट केरेनहून मोकळी झाली. हल्ला आधी फसला होता, म्हणजे दुसरा शेवट शक्य होता. वाट उघडली ती उघडीच राहिली. माझ्या मते केरेन यादीत हवं, आणि तरी दहातल्या नऊ याद्यांत ते नसतं.

उलट तोब्रुक. २० जून १९४२ ला रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर घाव घातला, आणि तिथे मराठ्यांची दुसरी पलटण होती. दुसऱ्या दिवशी ठाणं शरण गेलं, तीस हजारांहून जास्त सैनिक कैदी झाले. युद्धाच्या हिशेबात तोब्रुक टिकाऊ वळण ठरलं नाही, कारण पाच महिन्यांत ते परत मिळालं. पण कैद झालेल्या पलटणीसाठी युद्ध तिथेच संपलं. घरी मनिऑर्डर येते की नाही, पत्र येतं की नाही, सगळं त्या एका दिवसाने ठरवलं.

सांगशाकची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती संशोधकाला नम्र करते. मार्च १९४४, मणिपूर. जपानी इंफाळ आणि कोहिमाकडे निघाले होते. त्यांच्याकडे जेमतेम तीन आठवड्यांची शिधा होती, पुढची ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळवायची असा बेत. वाटेत उखरूलजवळच्या सांगशाक गावात पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि मराठ्यांची चौथी पलटण अडून बसली. पाणी नाही, काटेरी तार नाही. २६ मार्चच्या रात्री ब्रिगेडला माघार घ्यावी लागली, सहाशेच्या आसपास माणसं गमावून. त्या वेळी याची नोंद पराभव अशी झाली. नंतर तारखा जुळवल्या तेव्हा लक्षात आलं की कोहिमाकडे जाणारी जपानी तुकडी तिथे काही दिवस अडकली आणि तेवढ्यात कोहिमात कुमक पोचली. तीन आठवड्यांची शिधा घेऊन निघालेल्याचे पाच-सहा दिवस खाणं म्हणजे काय, ते हिशेबाला सोपं आहे.

आणि खुद्द इंफाळ-कोहिमा? लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात २०१३ साली मतदान झालं आणि ती ब्रिटनची सर्वांत महान लढाई ठरली, वॉटर्लू आणि नॉर्मंडीला मागे टाकून. मला गंमत वाटते. सत्तर वर्षं 'विस्मृतीतलं सैन्य' म्हणून हळहळायचं आणि मग मतदानाने पहिलं आणायचं. त्याच डोंगरांत आझाद हिंद सेनेचे सैनिकही होते. त्यांच्यासाठी ते वळण नेमकं उलट्या दिशेचं होतं. मतपत्रिकेवर हा रकाना नव्हता.

इटलीबद्दल थोडक्यात. रोम ४ जून १९४४ ला पडलं, दोन दिवसांनी नॉर्मंडी झाली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्यानंतर महिन्याभराने, १० जुलैला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बातम्यांच्या दृष्टीने ती आघाडी 'संपलेली' होती.

नेवाळी

आता परत घराकडे. बदलापूरहून काटईकडे पाइपलाइन रोडने निघालात की नेवाळी नाका लागतो. युद्धकाळात इथे ब्रिटिशांनी धावपट्टी केली, त्यासाठी आसपासच्या गावांची दीड हजार एकरांच्या वर जमीन घेतली. विमानं गेली. जमीन परत आली नाही. स्वातंत्र्यानंतर ती संरक्षण खात्याची म्हणून राहिली, लोक ती कसत राहिले, आणि नौदलाने कुंपण घालायला सुरुवात केली तेव्हा २२ जून २०१७ ला नाक्यावर आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोन्हीकडचे लोक जखमी झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरून फोन आला, "आज उशिरा ये, रस्ता बंद आहे." त्या दिवशी मला ही दुसऱ्या महायुद्धाची बातमी आहे हे कळलं नव्हतं.

वादाचा गाभा दोन शब्दांत आहे. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली सरकार मालमत्ता 'अधिग्रहित' करू शकत होतं. म्हणजे ताबा घ्यायचा, भरपाई द्यायची, गरज संपली की परत करायची. 'संपादन' वेगळं. त्यात मालकीच जाते. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन तात्पुरती घेतली होती. सरकारी बाजूचं म्हणणं, ती रीतसर आमची झाली. कोण बरोबर हे ठरवणं या पोस्टचं काम नाही. पण संशोधक म्हणून बघा: अधिग्रहण कोणत्या तारखेला झालं, त्याचं संपादनात रूपांतर झालं का, झालं तर कधी, हे तीन प्रश्न एखाद्या कुटुंबासाठी स्टालिनग्राडपेक्षा निर्णायक आहेत. आणि त्यांच्यासाठी युद्धाचा शेवट १९४५ ला झाला असं लिहिणं म्हणजे एका बाजूचा दावा न तपासता मान्य करणं.

मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं काय

माझं आधीचं वाक्य होतं: 'इंफाळ-कोहिमा ही दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाई होती.' आताचं आहे: '१९४२ मधील पुरवठामार्गांच्या बदलाने कल्याण परिसरातील जमीनवापर किती आणि कधी बदलला?' दुसऱ्यात शौर्य कमी आहे, मान्य. पण त्याला 'नाही, बदलला नाही' असंही उत्तर येऊ शकतं. पहिल्याला येऊच शकत नव्हतं.

साधनांचं म्हणाल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार (त्यांचं 'अभिलेख पटल' घरबसल्या शोधता येतं) आणि मृत सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी. नाव, पलटण, तारीख आणि बऱ्याचदा गावसुद्धा मिळतं. सैनिकांची पत्रं सेन्सॉर व्हायची आणि त्यांचे सारांश अहवाल शिल्लक आहेत. १९४३ चे वाचलेत तर रोमेलपेक्षा घरच्या महागाईची काळजी जास्त दिसेल.

तोंडी मुलाखती घेताना मात्र तारीख विचारू नका. "१९४४ मध्ये काय झालं" याला कुणी उत्तर देत नाही. "गोदीत स्फोट झाला त्याच्या आधी की नंतर?" असं विचारा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं, त्यात शेकडो माणसं गेली. त्या स्फोटाने युद्धाचा निकाल तसूभरही हलला नाही, पण आठवणींचं कॅलेंडर त्याच्यावरच लावलेलं असतं.

आणि जमिनीसाठी सगळ्यात दुर्लक्षित साधन तलाठी कार्यालयात असतं. सातबारा बघतात सगळे, पण जुने फेरफार कुणी मागत नाही. युद्धकाळातला ताबा, भरपाई, नाव कमी होणं, जे काही झालं ते तिथे नोंदवलेलं असू शकतं, बऱ्याचदा मोडीत किंवा घाईच्या देवनागरीत. पुढच्या महिन्यात मी नेवाळीभोवतीच्या गावांचे फेरफार बघायला सुरुवात करतोय. मोडी वाचता येणारं कुणी अंबरनाथ-बदलापूर भागात असेल आणि शनिवारी वेळ असेल, तर कळवा. चहा माझ्याकडून.